एका विडीची दोन खाती

आमचं सोलापूर चादरींचं, तसंच विडीचंही. पूर्वभागात आजही कितीतरी बायकांच्या मांडीवर सूप असतं. त्यात तेंदूपत्ता आणि तंबाखू.

१९७६ साली केंद्राने विडीवर उपकर बसवला. त्या पैशातून श्रम मंत्रालयाने विडी कामगारांसाठी दवाखाने चालवले, घरकुलाला मदत, मुलांना शिष्यवृत्त्या दिल्या. म्हणजे विडी जितकी खपेल, तितका औषधाला पैसा! २००६ साली कुंभारीला कामगार बायकांची १० हजार घरं उभी राहिली, त्यातही सरकारचा हातभार होता.

आरोग्य मंत्रालयाची वाट उलटी. २००३ चा तंबाखू नियंत्रण कायदा, २००९ पासून पाकिटावर चित्र, २०१६ पासून ८५ टक्के जागेवर. विडी कमी खपावी, हेच त्याचं काम. आणि ते बरोबरच आहे.

२०१७ साली जीएसटी आला, उपकर गेला.

पण पाकिटावरचा इशारा ओढणाऱ्यासाठी असतो. वळणारीच्या नाकातही तीच तंबाखूची धूळ जाते. विडी बंद झाली तर तिची फुफ्फुसं वाचतील, पण चूल? हा प्रश्न दोन्ही खात्यांनी एकत्र बसूनच सोडवायला हवा.

तुम्हाला काय वाटतं?