पडद्यापलीकडचा माणूस

गेल्या रमजानमधली गोष्ट. तरावीह संपली, लोक पांगले, पण मोहल्ल्यातला एक मुलगा चपला शोधण्याच्या निमित्ताने रेंगाळत राहिला. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मग हळूच म्हणाला, "चाचा, सहा महिने झाले, कशातच मन लागत नाही. रात्री मोबाईलमधल्या एका ॲपशी बोलत बसतो. त्यात काही चुकीचं आहे का?" घरी त्याने सांगून पाहिलं होतं. अम्मीने तावीज आणला, अब्बा म्हणाले, नमाजला बसत जा, आपोआप बरं वाटेल. तुला नेमकं काय होतंय, हे मात्र कुणी विचारलं नव्हतं.

त्या रात्री माझ्याकडेही धड उत्तर नव्हतं. म्हणून घरी येऊन पुस्तकं आणि कागद चाळायला बसलो.

पहिला शोध आपल्याच परंपरेत लागला. बल्ख प्रांतातले अबू झैद अल-बल्खी इ.स. ९३४ मध्ये वारले. शरीर आणि मन या दोहोंच्या आरोग्यावर त्यांनी 'मसालिह अल-अबदान वल-अन्फुस' हा ग्रंथ लिहिला. मन आजारी पडणं हे शरीर आजारी पडण्याइतकंच स्वाभाविक आहे, असं ते सांगतात. दुःखाचेही ते दोन प्रकार करतात. एकाचं कारण माहीत असतं. दुसऱ्याचं कारण सापडत नाही, त्याचं मूळ शरीरात असतं आणि त्याला शरीराचाही इलाज लागतो. मनाच्या उपायांचे दोन मार्ग ते देतात. एक आतला. घरात औषधं ठेवतो तसे बऱ्या दिवसांत योग्य विचार साठवून ठेवायचे आणि वाईट दिवसांत काढायचे. दुसरा बाहेरचा, म्हणजे दुसऱ्या माणसाचं बोलणं. अकराशे वर्षांपूर्वी एक मुस्लिम विद्वान हे लिहून गेला आणि आपण आजही उदास मुलाला 'ईमान कमजोर आहे' म्हणून गप्प करतो.

बल्खींपासून आजच्या ॲपपर्यंत थेट धागा आहे, असा माझा दावा नाही. ॲपचा इतिहास वेगळा आहे. १९६६ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीचे जोसेफ वायझेनबाउम यांनी 'एलायझा' नावाचा संगणकीय प्रोग्राम जगासमोर मांडला. तुम्ही टाइप केलेलं वाक्य तो उलटवून प्रश्नासारखं परत देई. त्याला कळत काहीच नव्हतं. तरी वायझेनबाउम यांच्या सेक्रेटरीने त्याच्याशी बोलताना त्यांनाच खोलीबाहेर जायला सांगितलं. माणूस यंत्रापुढे इतक्या सहज मन मोकळं करतो, हे पाहून ते हादरले. पुढे माणसाचं काम यंत्राकडे सोपवण्याविरुद्ध त्यांनी पुस्तकच लिहिलं.

त्याच दशकात फिलाडेल्फियात डॉ. ॲरन बेक नैराश्यावर नवी पद्धत घडवत होते. 'पेपर राहिला, म्हणजे मी कुचकामी' असा विचार मनात आपोआप येतो. तो पकडायचा, कागदावर लिहायचा, खरा आहे का हे तपासायचं आणि वागणं थोडं थोडं बदलायचं. याला सीबीटी म्हणतात. बल्खींचा आतला मार्ग इथे आठवतो. या पद्धतीला ठरलेल्या पायऱ्या आहेत, घरचा अभ्यास आहे, त्यामुळे ती संगणकावर चढवता आली. १९९० मध्ये अमेरिकेत ३६ जणांवर प्रयोग झाला. त्यात संगणकाने दिलेला सीबीटी समुपदेशकाने दिलेल्या सीबीटीइतकाच उपयोगी ठरला.

मग इंटरनेट आलं. २००१ मध्ये कॅनबेरातल्या ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीत हेलन क्रिस्टेन्सेन आणि कॅथी ग्रिफिथ्स यांनी प्रामुख्याने तरुणांसाठी 'मूडजिम' सुरू केलं. कुणीही, कुठूनही, फुकट वापरावं असं. २००४ मध्ये ५२५ लोकांवरच्या चाचणीत त्याने नैराश्याची लक्षणं कमी केली. पण त्या चाचणीत दर आठवड्याला एक माणूस फोन करून चौकशी करत होता. ज्यांना असं विचारणारं कुणी नव्हतं, त्या आम वापरकर्त्यांपैकी सगळे भाग पूर्ण करणारे शंभरात एकही निघाला नाही.

ब्रिटनमध्येही तेच दिसलं. २०१५ मध्ये ६९१ रुग्णांच्या अभ्यासात डॉक्टरांच्या नेहमीच्या उपचाराला असे प्रोग्राम जोडले, फोनवरची मदत तांत्रिक अडचणींपुरती ठेवली. जादा फायदा दिसला नाही, कारण बहुतेकांनी मध्येच सोडून दिलं. पुढे त्याच संशोधकांनी फोनवर नीट, ठरवून आधार दिला, तेव्हा चार महिन्यांनी लक्षणांत फरक दिसला.

कॉलेजच्या मुलांसाठी गाजलेला प्रयोग २०१७ चा, स्टॅनफर्डमधला. १८ ते २८ वयाच्या ७० जणांपैकी काहींना 'वोबॉट' हा बोलणारा प्रोग्राम दिला, इतरांना नैराश्यावरचं ई-पुस्तक. दोन आठवड्यांत वोबॉटवाल्यांची लक्षणं कमी झाली. पण मुदत दोनच आठवड्यांची होती आणि संशोधकांत कंपनीच्या संस्थापकही होत्या. जून २०२५ मध्ये कंपनीने ते ॲपच बंद केलं. ज्याच्यापाशी मन मोकळं करत होतो तो एका सूचनेनिशी निघून जातो, हेही या इतिहासाचंच एक पान आहे.

ईदनंतर त्या मुलाला मी घरी बोलावलं. म्हटलं, "बेटा, ॲपशी बोलणं गुनाह नाही. त्यातून विचार तपासायची सवय लागत असेल तर चांगलंच. पण बल्खींनी दोन मार्ग सांगितलेत आणि तू एकाच मार्गावर एकटा चालतोयस." मग आम्ही दोघांनी बसून १४४१६ ला फोन लावला. ही केंद्र सरकारची 'टेली-मानस' सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. फुकट, चोवीस तास, मराठीतही. मरणाचे विचार येत असतील तर ॲपच्या भरवशावर एक रात्रही काढू नये, हेही त्याला बजावलं. पुढच्या आठवड्यात त्याच्यासोबत मानसोपचारतज्ज्ञांकडे गेलो.

अम्मीचा तावीज अजून त्याच्या गळ्यात आहे. मी काढायला सांगितला नाही. त्याच्या अब्बांना मात्र एक काम दिलं आहे. रोज इशानंतर त्याच्याजवळ दहा मिनिटं बसायचं, नसीहत द्यायची नाही, फक्त विचारायचं, आज कसं वाटतंय?