मऊ नाकाची गोळी

1897 चा पावसाळा सरत आलाय आणि पूर्णा जंक्शन अजून जन्माला यायचंय. तुम्ही उभे आहात तिथे पुढे फलाट होईल, इंजिनांची शेड होईल. आज नुसती काळी माती, पायताणाला लोंबकळणारी, आणि बाजूला नदी. मुलूख निजामाचा. मनमाडहून सिकंदराबादेकडे मीटरगेज लाइन टाकायची बोलणी चालू आहेत, पण तुम्हाला जायचंय हिंगोलीला, आणि त्यासाठी छकड्याशिवाय इलाज नाही.

हिंगोलीत हैदराबाद कंटिंजंटची छावणी आहे. खर्च निजामाच्या खात्यावर, हुकूम इंग्रज अधिकाऱ्यांचा. एक हवालदार काडतुसातून सोडवलेली गोळी तुमच्या तळहातावर ठेवतो. मार्टिनी-हेन्री रायफलीची. कागदात गुंडाळलेलं शिसं, वजन 31 ग्रॅम, म्हणजे पावणेतीन तोळ्यांना थोडं कमी. बोट लावलं की बोटाला काळं लागतं.

"गोऱ्यांकडं नवी आलीय," तो म्हणतो. "करंगळीपेक्षा बारीक. आम्हाला ही जुनीच."

यात कुरकुर कमी आणि माहिती जास्त आहे. 1857 नंतर सरकारने ठरवूनच टाकलंय, शिपायाच्या हातातलं हत्यार गोऱ्या सोल्जरच्या हत्यारापेक्षा एक पिढी मागचं ठेवायचं. गोऱ्यांची नवी रायफल ली-मेटफर्ड. गोळी .303 इंचाची, जेमतेम 14 ग्रॅमची. आत शिसं, वरून तांबे-निकेलचं कडक कवच. दूर जाते, सरळ जाते, धूरही करत नाही. तक्रार एवढीच की माणसाच्या आरपार जाते आणि माणूस पळतच राहतो. 1895 च्या चित्रालच्या मोहिमेतून परतलेले सोल्जर हेच गाऱ्हाणं घेऊन आले.

आता तुम्ही कलकत्त्याजवळ, दमदमच्या कारखान्यात. कॅप्टन नेव्हिल बर्टी-क्ले इथला अधीक्षक. पट्ट्यांच्या खडखडाटात आणि तापल्या तेलाच्या वासात तो चिमटीत एक गोळी धरून तुम्हाला दाखवतो. वजन तेच, बोअर तोच, नळीत काही बदल नाही. फक्त टोकावर कवच किंचित आखूड ठेवलंय, म्हणून गव्हाच्या दाण्याहून लहान असा शिशाचा करडा ठिपका उघडा दिसतो. एवढाच शोध. अंगात शिरल्यावर तो ठिपका चेपतो, मागचं कवच फाटतं, गोळी पसरते आणि आपलं सगळं बळ आतच सोडते. आत जाताना बारीक भोक, पुढे भगदाड. गोळीला गावाचं नाव चिकटलं ते कायमचं: दमदम.

हे गाव काडतुसाला पहिल्यांदा भेटत नाहीये, हेही लक्षात घ्या. जानेवारी 1857 मध्ये इथल्याच एका खलाशाने ब्राह्मण शिपायाकडे लोटा मागितला. त्याने नाकारला, तेव्हा नव्या काडतुसाला गाईची नि डुकराची चरबी लावलीय हे खलाशाने त्याला ऐकवलं. चाळीस वर्षांत एकाच आवारातून दोन काडतुसं जगभर गाजली. असा मान फार कारखान्यांना मिळत नाही, आणि कुणी मागूही नये.

वायव्य सरहद्दीवर तिराहच्या डोंगरात, त्याच 1897 च्या हिवाळ्यात, गोऱ्या पलटणी ही गोळी आफ्रिदी टोळ्यांवर वापरतात. त्यांच्या शेजारी लढणाऱ्या देशी शिपायांच्या हाती मार्टिनीच आहे. तुम्ही तिथे फार रेंगाळू नका. जखमा बघवत नाहीत, आणि खरा तमाशा पुढे आहे.

हेग, 1899 चा उन्हाळा. रशियाच्या झारने शांतता परिषद बोलावलीय आणि तुम्ही जंगलातल्या राजवाड्यात, खुर्च्यांच्या मागच्या रांगेत. ब्रिटनचे सर जॉन आर्डा उभे राहतात. सुसंस्कृत सैनिकाला बारीक गोळी लागली तरी तो समजून जातो आणि दवाखान्याकडे वळतो; रानटी माणूस दोनतीन गोळ्या खाऊनही चालूनच येतो, असं त्यांचं म्हणणं. आवाज चढत नाही, शब्द अडखळत नाही. समोरचे लोक ट्युबिंगनचे सर्जन ब्रुन्स यांचे प्रयोग पुढे करतात. ब्रिटिशांचं उत्तर तयार असतं: ब्रुन्स यांनी वापरलेल्या गोळ्या शिकारीच्या, त्यांचं शिसं कितीतरी जास्त उघडं, आमची दमदम तशी नव्हे. तांत्रिक बाजूने त्यांचं खरंही आहे. म्हणूनच ते ऐकताना अंगावर जास्त काटा येतो.

29 जुलैला जाहीरनामा निघतो: शरीरात सहज पसरणाऱ्या किंवा चपटणाऱ्या गोळ्या युद्धात वापरायच्या नाहीत. ब्रिटन आणि अमेरिका विरोधात. ब्रिटनची सही व्हायला 1907 उजाडतं. मसुदा नीट वाचलात तर आणखी एक ओळ सापडते. बंधन फक्त सह्या करणाऱ्यांवर, तेही आपापसात लढताना. आफ्रिदींना सहीला कुणी बोलावलंच नव्हतं. गोळीवर बंदी घातली असं आपण शाळेत सहज म्हणतो. खरं तर एकमेकांवर ती न झाडण्याचा तो शेजारधर्म होता.

त्याच 1899 मध्ये पूर्णेकडे नजर टाका. पाऊस दगा देतोय, पुढलं वर्ष दुष्काळाचं आहे. गोदावरी खोऱ्यातून रूळ सरकत येतायत. 1901 पर्यंत गाडी सुरू होते. 1903 मध्ये हिंगोलीची छावणी उठते, आणि 1912 मध्ये पूर्णेहून हिंगोलीला फाटा जातो. फौज गेल्यावर रेल्वे पोचली.

दमदमचं नाक बंद झालं तरी कारखाना बंद झाला नाही. कारागिरांनी कायद्याच्या आतच वाट काढली. 1910 ची मार्क सेव्हन गोळी हातात घ्या. कवच टोकापासून अखंड, कुठे शिसं उघडं नाही, हेगच्या कुठल्याही वकिलाला दाखवा. मात्र पोटात पुढच्या टोकाला शिशाऐवजी हलकं ॲल्युमिनियम भरलंय, वजन सगळं बुडाशी. मांसात शिरताच ती तोल जाऊन आडवी होते. पसरत नाही, चपटत नाही, नियम मोडत नाही. जखम मात्र पहिल्या .303 पेक्षा वाईट करते. माझ्या मते या धंद्याचा पूर्ण इतिहास त्या ॲल्युमिनियमच्या तुकड्यात आहे. पुण्याच्या खडकीत 1869 पासून चालणारा दारूगोळा कारखानाही हीच गोळी बनवू लागतो.

आता सप्टेंबर 1948, आणि या वेळी फलाट आहे. पूर्णा स्टेशनात गाड्या अनियमित, माणसं कुजबुजत बोलतात. रझाकारांच्या भीतीने किती घरं सरहद्दीपलीकडे गेलीत. हैदराबादसाठी सिडनी कॉटन नावाचा वैमानिक कराचीहून लँकेस्ट्रियन विमानांतून रात्री शस्त्रं उतरवत होता, ही बातमी इथे अफवा म्हणून पोचलीय. 13 तारखेला भारतीय फौजा शिरतात, 17 ला संस्थान शरण येतं. दोनचार दिवसांनी रुळाकडेला एक पोऱ्या पितळी पुंगळी उचलतो.

"काका, ह्यावर काय लिवलंय?"

तुम्ही बुडाची चकती उजेडाकडे धरता. केएफ, आणि रोमन सात. खडकी फॅक्टरी, मार्क सेव्हन. शिपाई इकडचा होता की तिकडचा, ते पुंगळीवरून ओळखता येत नाही; .303 दोन्हीकडे होती. पोऱ्या ती खिशात टाकतो, पितळेला भाव येतो.

पुढची वर्षं भराभर ओलांडा. 1962 चा चीन, मग 1964 मध्ये जळगाव जिल्ह्यात वरणगावला रायफलीच्या गोळ्यांचा कारखाना, भंडाऱ्याला स्फोटकांचा. युद्धात मार खाल्ला की महाराष्ट्रात एखादा कारखाना उभा राहायचा. 2021 च्या 1 ऑक्टोबरला सरकारी शस्त्र कारखान्यांच्या सात कंपन्या होतात, दारूगोळ्याची म्युनिशन्स इंडिया पुण्यात बसते. 2013-14 मध्ये देशाची संरक्षण निर्यात 686 कोटी रुपये होती. 2024-25 मध्ये ती 23,622 कोटी. आकडा ऐकून छाती फुगते, फुगूही दे. पण 24 जानेवारी 2025 ला भंडाऱ्याच्या कारखान्यात स्फोट होऊन किमान आठ कामगार गेले, ती बातमी त्याच आर्थिक वर्षातली आहे.

आणि ती मऊ नाकाची गोळी? ती कुठे गेलीच नाही. अनेक देशांचे पोलीस आज पसरणारी गोळीच वापरतात, कारण ती आरपार जाऊन मागच्या वाटसरूला लागत नाही. शत्रूवर झाडायला मनाई, आपल्या नागरिकांवर चालते. युक्तिवाद चुकीचा नाही, तरीही आर्डासाहेबांची आठवण येतेच.

आपल्याकडे ती परवान्यावर मिळते. लष्करी बोअर सामान्य माणसाला मिळत नाही म्हणून .315 ची रायफल, आणि तिची गोळी नाकाला उघड्या शिशाची, शिकारीची. शिकार 1972 च्या कायद्याने बंद झाली, गोळी राहिली. तुम्ही आजच्या पूर्णेहून नांदेडची गाडी पकडता आणि बंदुकांच्या एका दुकानात शिरता. भिंतीला बाराबोअरच्या दुनळ्या, काचेखाली शक्तिमान काडतुसांची खोकी, खडकीचीच. बाकावर एक शेतकरी बसलाय. रानडुकरांनी भुईमूग उकरलाय म्हणून त्याला काडतुसं हवीत.

दुकानदार त्याचं परवान्याचं पुस्तक उलटून बघतो, वर्षाला किती मिळतील त्याचा आकडा वाचतो आणि ते मिटतो.

"मालक, बंदूक कुठंय तुमची?"

"ठाण्यात. इलेक्शनला जमा केली होती, अजून दिली नाही."

"मग काडतूस नेऊन काय करता? आधी बंदूक सोडवा."