पिसवेची भूक आणि माणसांची झडती

१/ नागपूरच्या इतवारीत किराणा ओळीतून जाताना धान्याच्या पोत्यांच्या राशी दिसतात. प्लेगचा इतिहास अशाच राशींच्या आडोशाने घडला. १८९६ साली मुंबईत ही साथ प्रथम दिसली ती मांडवीत, म्हणजे बंदरालगतच्या धान्य-वखारींच्या वस्तीत. नागपूर १८६७ पासून रेल्वेने मुंबईशी जोडलेले होते. पुढे काही वर्षांत साथ येथेही पोहोचली.

२/ सरकारचा संशय प्रामुख्याने माणसांवर होता. १८९७ मध्ये साथरोग कायदा आला. पुण्यात गोरे शिपाई घराघरांत शिरले, झडत्या झाल्या, लोक रुग्ण लपवू लागले. २२ जून १८९७ रोजी चापेकर बंधूंनी प्लेग अधिकारी रँडवर गोळी झाडली.

३/ खरा वाहक मात्र झडतीत सापडण्याजोगा नव्हता. १८९८ मध्ये कराचीत पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने दाखवले की उंदरांमध्ये प्लेग पसरवते ती पिसू. त्यावर कित्येक वर्षे फारसा कोणाचा विश्वास बसला नाही. १९०५ पासून मुंबईत झालेल्या प्रयोगांनी ते पक्के केले.

४/ पिसू इतकी घातक का ठरते? १९१४ मध्ये लंडनच्या लिस्टर संस्थेत बेकट आणि मार्टिन यांनी उत्तर शोधले. प्लेगचे जंतू पिसवेच्या जठराच्या तोंडाशी वाढून बोळा तयार करतात. प्यायलेले रक्त जठरात उतरतच नाही. उपाशी पिसू पुन्हा पुन्हा चावते आणि बोळ्यावर आदळलेले रक्त जंतूंसह जखमेत परतते.

५/ पिसाळलेला कुत्रा चावत सुटतो, कारण विषाणू त्याच्या मेंदूत शिरलेला असतो. येथे तसे काही नाही. जंतू केवळ भूक भागू देत नाही. पिसवेचे वागणे तेवढ्यानेच बदलते. (बोळा नसतानाही पिसू प्लेग पसरवू शकते, हे नंतर स्पष्ट झाले.)

६/ उंदीर मेला, थंड पडला, की पिसवा नवे ऊबदार शरीर शोधतात. मग पाळी माणसाची.

७/ म्हणूनच ‘उंदीर पडू लागले’ की घर सोडून शेतात झोपडी बांधणारी माणसे अडाणी नव्हती. पिसवेचे रहस्य त्यांना ठाऊक नव्हते, तरी त्यांचा निर्णय अचूक होता. पुढे सरकारनेही वस्ती हलवण्यास उत्तेजन दिले. साथीचा इतिहास वाचताना आदेशांइतकेच अशा निरीक्षणांकडेही लक्ष द्यायला हवे.