पायी वारीची तयारी : तेव्हाची आणि आताची

स्मरणिकेसाठी लेख मागितला तेव्हा मी मॉरिशसमध्ये नव्हते. शारजातील रोल्ला भागात मुलीकडे राहायला आले आहे. कितीतरी वर्षे प्राथमिक शाळेत मराठी शिकवले. ‘पंढरपूर कोणत्या नदीच्या काठी आहे?’ हा प्रश्न फळ्यावर दरवर्षी लिहिला, पण ते गाव स्वतः पाहिले नाही. आई तेथे जायचे म्हणत म्हणत गेली. यंदा आळंदीहून पायी जायचे मी ठरवले आहे. त्याची तयारी करताना आपल्या पूर्वजांच्या चालण्याचा विचार सारखा मनात येतो, म्हणून तोच विषय घेतला.

आपली माणसे घरातून पहिल्यांदा लांब निघाली ती देवासाठी नव्हे, पोटासाठी. मुंबई बंदर, मग जहाज, मग पोर्ट लुईच्या आप्रवासी घाटाच्या १६ पायऱ्या. १८३४ पासून पुढे साडेचार लाखांहून अधिक शर्तबंद मजूर भारतातून या बेटावर आले, त्यांत आपले मराठी लोकही होते. मोका येथील महात्मा गांधी संस्थेत त्यांच्या नोंदी आहेत : नाव, बापाचे नाव, वय, उंची, गाव, जिल्हा, अंगावरची खूण. माझ्या पणजोबांच्या नोंदीत जिल्हा रत्नागिरी आणि खूण म्हणून डाव्या पायावरचा व्रण लिहिला आहे.

येथे आल्यावर मात्र चालण्यावरच बंधन आले. १८६७ च्या कायद्याने करार संपलेल्या जुन्या मजुरालाही स्वतःचे छायाचित्र लावलेला पास जवळ बाळगावा लागे. पास नसताना रस्त्यावर सापडला की भटक्या ठरवून त्याला पकडत. १८७१ मध्ये प्लेव्हिट्झ साहेबांनी या जाचाविरुद्ध अर्ज केला, त्यावर ९४०१ मजुरांची नावे होती. शिवाय ‘डबल कट’ होताच : एक दिवस कामावर गैरहजर, तर दोन दिवसांची मजुरी कापली जाई. मुलांना मी हे गणित म्हणून घालत असे. चार दिवस यात्रेला गेला, तर किती दिवसांची मजुरी गेली? मुले पटकन ‘आठ’ म्हणत, मग वर्गात थोडी शांतता पसरे.

हे मनात ठेवून १८९८ चे वर्ष पाहावे. त्रिओलेच्या झुम्मनगिरी गोसाईंना परी तलावाचे स्वप्न पडले आणि त्या वर्षी महाशिवरात्रीला भाविकांची एक तुकडी उत्तरेकडून बेटाच्या दक्षिणेतील त्या डोंगरातल्या तलावाकडे पायी निघाली. आज लाखो लोक पांढऱ्या कपड्यांत, कांवर घेऊन जातात. वाटेत घरोघरी पाणी मिळते, फळे मिळतात. त्या पहिल्या तुकडीला यातले काही तयार नव्हते. रात्रीचा मुक्काम, शिदोरी, बुडणारी मजुरी, सगळे आधी ठरवूनच निघावे लागले असणार. मला वाटते, तयारी हीच त्यांची अर्धी यात्रा होती.

पंढरीच्या वाटेचा इतिहास त्याहून बराच जुना आहे. तुकोबांचे पुत्र नारायणमहाराज यांनी १६८५ मध्ये पादुका पालखीत ठेवून देहूहून सोहळा सुरू केला. साताऱ्याकडील आरफळचे हैबतबाबा शिंदे सरकारच्या चाकरीत होते. त्यांनी १८३२ च्या सुमारास ज्ञानेश्वरांच्या पालखीचा आजचा सोहळा उभा केला. तारखा पाहा : त्यानंतर दोनच वर्षांनी आपली जहाजे सुरू झाली! बेळगावजवळच्या अंकलीहून शितोळे सरकारांचे घोडे अजून येतात, तेही आळंदीपर्यंत चालतच. तयारी घोड्यांनाही चुकलेली नाही.

आता माझी तयारी. रोल्ल्याला हे नाव एका मोठ्या वडामुळे पडले. ईदला लोक त्याच्या सावलीत जमत, मुले फांद्यांना झोके बांधत. १९७८ मध्ये तो कोसळला आणि चौकात आता त्याचे स्मारक आहे. दिवसा ऊन फार, म्हणून मगरिबच्या बांगेनंतर मी त्या स्मारकाभोवती फेऱ्या मारते. आपल्याकडे वटपौर्णिमेला वडाला फेरे घालतात आणि तिच्यानंतर आठवड्याभरातच, ज्येष्ठ वद्य अष्टमीला, आळंदीहून पालखी निघते. मुलगी हसते, म्हणते, ‘‘आई, सात फेरे पुरे, तू चाळीस घालतेस.’’

पहिल्या आठवड्यात नवे बूट घालून चूक केली. दोन्ही टाचांना फोड आले आणि चार दिवस घरी बसले. आता जुन्या मऊ चपला, वर सुती मोजे, रात्री कोमट पाण्यात पाय आणि मग खोबरेल. सुरुवात ३ किलोमीटरपासून केली, आता १४ होतात. आळंदी ते पंढरपूर सुमारे २५० किलोमीटर आहे. त्यात पुणे ते सासवड हा टप्पा सर्वांत लांब, सुमारे ३० किलोमीटर, आणि दिवे घाटाची चढण त्यातच. त्या एका दिवसासाठीच मी तयारी करते असे म्हटले तरी चालेल.

दिंडीच्या प्रमुखांना फोन केला. मी माझे नाव सांगायच्या आत ते म्हणाले, ‘‘बोला माऊली.’’ सामान ट्रकमधून जाते, मुक्कामाला राहुट्या असतात, भिशी आधी भरायची. जड पेटी आणू नका, पावसासाठी प्लास्टिकचा कागद आणा, इतकेच त्यांनी बजावले. मॉरिशसहून येणार कळल्यावर त्यांनी विचारले, ‘‘तिकडे आपली माणसे आहेत?’’ मी पणजोबांचा जिल्हा सांगितला.

पिशवी भरून दाराशी ठेवली आहे : दोन लुगडी, कागद, औषधे, हरिपाठाचे छोटे पुस्तक आणि पणजोबांच्या नोंदीची छायाप्रत. तुळशीची माळ राहिली आहे, ती आळंदीला घेईन.