झिजलेल्या नाण्यांची साक्ष

जुनी नाणी जमविणाऱ्याला ठसठशीत ठशाचे, स्वच्छ अक्षरांचे नाणे हवे असते. ते साहजिकच आहे. पण काही प्राचीन राजांची नाणी बहुधा झिजलेली किंवा एकावर एक ठसे मारलेलीच मिळतात. देखण्या नाण्याची वाट पाहत बसलो, तर तो राजा आपल्या संग्रहातूनच नव्हे, इतिहासातूनही वगळला जाईल.

१९०६ साली नाशिकजवळ जोगलटेंभी येथे चांदीच्या १३ हजारांहून अधिक नाण्यांचा साठा सापडला. ही नाणी क्षहरात क्षत्रप नहपान याची. त्यांतील ९ हजारांहून अधिक नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपली चिन्हे पुन्हा ठोकली होती. त्यामुळे नहपानाचा चेहरा अर्धा पुसला गेला, ग्रीक, ब्राह्मी आणि खरोष्ठी अक्षरे तुटली. शौकिनाच्या नजरेत नाणे बिघडले. पण गौतमीपुत्राने क्षहरातांचा निःपात केला, असे नाशिकच्या लेण्यातील शिलालेख सांगतो. तो त्याची आई बलश्री हिच्या दानाचा लेख. घरच्या माणसांनी केलेल्या स्तुतीवर कितपत विश्वास ठेवावा? ती शंका या बिघडलेल्या नाण्यांनी दूर केली. खुतबा आणि सिक्का ज्याच्या नावाचा, हुकूमत त्याची, हे आपण इस्लामी तवारिखेत वाचतो. त्याआधी कित्येक शतके सिक्क्याचा अर्थ हाच होता.

कोल्हापूरकडील नाणी शिशाची. शिसे मऊ, लवकर झिजणारे. जमिनीत राहून त्यावर पांढरी भुकटी धरते. या नाण्यांवर धनुष्यबाण आणि तीन राजांची नावे आहेत: वासिष्ठीपुत्र विळिवायकुर, माठरीपुत्र शिवलकुर आणि गौतमीपुत्र विळिवायकुर. यांचा क्रम सांगणारा ग्रंथ नाही. मात्र शिवलकुराने पहिल्याच्या नाण्यांवर आपला ठसा मारला आणि गौतमीपुत्राने त्या दोघांच्याही. खालचा ठसा आधीचा, वरचा नंतरचा. एवढ्यावरून तीन राजांचा क्रम लागला. ठसे स्वच्छ असते, तर तो कळला नसता.

म्हणून वाचकहो, शेतात किंवा जुन्या घराच्या पायात काळवंडलेले नाणे मिळाले तर ते चिंचेने किंवा तेजाबाने घासू नका. खालचा पुसट ठसा त्यात कायमचा जातो. सोनाराच्या मुशीत तर सगळेच जाते. १८७८ च्या भूमिगत निधी कायद्यानुसार अशा गुप्तधनाची खबर जिल्हाधिकाऱ्याला द्यावी लागते. साठ्यातले एकही नाणे वेगळे काढू नये. कोणते नाणे कोणाच्या सोबत सापडले, हीसुद्धा साक्षच असते.