खुर्च्यांचा हिशेब

मुंबईच्या मैदानांचा इतिहास मामांच्या तोंडून ऐकायचा तर तो धावांपासून कधी सुरू होत नसे, खुर्च्यांपासून होई. मामा गिरगावातले, आझाद मैदानावर तंबू टाकणाऱ्या एका लहानशा क्लबचे कैक वर्षांचे खजिनदार. कोण किती खेळला यापेक्षा कोणाला कुठे बसवलं, हे त्यांना जास्त पाठ.

त्यांची पहिली गोष्ट आजोबांकडून आलेली. चर्चगेटजवळ समुद्र हटवून काढलेल्या जमिनीवर क्रिकेट क्लब ऑफ इंडियाने ब्रेबॉर्न स्टेडियम बांधलं. 1937च्या डिसेंबरात लॉर्ड टेनिसनच्या संघाशी सामना होऊन त्याचं उद्घाटन झालं. त्याच वर्षी धर्म-समाजवार संघांचे पंचरंगी सामने बॉम्बे जिमखान्यावरून तिथे आले आणि हिंदूंचा संघ खेळलाच नाही. कारण काय, तर हिंदू जिमखान्याच्या वाट्याला आलेल्या जागा कमी पडल्या! विजय मर्चंटची बॅटिंग बघायची म्हणून पैसे साठवून बसलेले आजोबा हात चोळत राहिले. ‘स्टेडियम झालं झकास, पण माणसं मोजायची राहिली,’ असं ते म्हणत.

दुसरी गोष्ट मामांची स्वतःची. ब्रेबॉर्न क्लबच्या मालकीचं, कसोटी भरवायची मुंबई क्रिकेट संघटनेने, आणि संघटनेच्या क्लबांना तिकिटं किती यावर दर मोसमाला रस्सीखेच. संघटनेचे अध्यक्ष शेषराव वानखेडे त्या वेळी विधानसभेचेही अध्यक्ष. आमदारांच्या एका सामन्यासाठी ते क्रिकेट क्लबच्या अध्यक्षांकडे गेले, बोलणं फिसकटलं आणि ‘आमचं स्टेडियम आम्ही बांधू’ यावर गाडी गेली, असं मामा सांगत. क्लबचे ते अध्यक्ष म्हणजे विजय मर्चंटच. जागांच्या भांडणापायी आजोबांना जे बघायला मिळाले नाहीत, तेच आता जागा देणाऱ्यांच्या बाजूला. मामा इथे थांबून पान लावत.

मग ब्रेबॉर्नपासून चालत दहा मिनिटांवर, रेल्वेच्या रुळांना लागून, शशी प्रभूंच्या आराखड्यावर वानखेडे स्टेडियम सुमारे तेरा महिन्यांत उभं राहिलं. जानेवारी 1975मध्ये तिथली पहिली कसोटी झाली, वेस्ट इंडीजविरुद्ध. क्लबच्या वाट्याचा पास मामांच्या खिशात. क्लाइव्ह लॉइडचं द्विशतक झालं तेव्हा एक पोरगा अभिनंदनाला मैदानात धावला, पोलिसांनी त्याला बदडलं आणि लोक भडकले. नव्या कोऱ्या स्टँडची मोडतोड झाली, खेळ थांबला. लॉइड पुढे नाबाद 242पर्यंत गेला. आपण हरलो, पण मामांचा पास होता, त्यामुळे त्यांच्या लेखी हिशेब चुकता झालेला.

पुढे 2011च्या विश्वचषकासाठी वानखेडेचा पुनर्विकास झाला. छप्पर आलं, खुर्च्या ऐसपैस झाल्या आणि आसनं घटून तेहतीस हजारांच्या आसपास राहिली. अंतिम सामन्याची त्यातली जेमतेम चार हजार तिकिटं सर्वसामान्यांसाठी विक्रीला आली. बाकीची बरीचशी संलग्न क्लबांकडे. ज्या क्लबांनी कमी जागांवरून ब्रेबॉर्न सोडलं, तेच आता आत बसले होते आणि रस्त्यावरचा माणूस बाहेर. मला यात कोणी खलनायक दिसत नाही. जागा ज्याच्या हातात येतात, तो आधी आपल्या माणसांना देतो, आणि कोणाला किती दिल्या ते सांगायची त्याला घाई नसते.

हे सगळं आठवायचं कारण आमच्या उपनगरातला क्लब. मैदानाचा पुनर्विकास करायचं ठरतंय: खाली पार्किंग, वर टर्फ, बाजूला लग्नाचा हॉल. वार्षिक सभेत पडद्यावर हिरवंगार चित्र झळकलं. ‘मैदान आत्ताएवढंच राहणार का?’ असं मागून एका बाईंनी विचारलं. ‘तपशील नंतर कळवू,’ असं उत्तर आलं आणि चहा आला. इतिवृत्तात तो प्रश्नच नाही.

मामांच्या क्लबात मात्र सगळं उघड असे. कारभार गरिबीचा, पण त्यांची लाल कापडी बांधणीची जमाखर्चाची वही तंबूच्या खांबाला सुतळीने लटकलेली असे. मॅटिंगची शिलाई, खिळे, माळ्याची दिवाळी, सगळं पेन्सिलीत. बेरीज तेवढी शाईत. कोणीही येता-जाता उघडावी. चहाचा खर्च जास्त दिसला की पोरं मामांना सतावत आणि मामा पावती काढून दाखवत.

आमच्या क्लबसारख्या अनेक संस्था धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेल्या असतात. सार्वजनिक न्यासाची जमीन किंवा इमारत विकायची, किंवा बिगरशेती जागा तीन वर्षांहून जास्त मुदतीने भाड्याने द्यायची, तर 1950च्या सार्वजनिक न्यास कायद्याच्या कलम 36प्रमाणे आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. हॉल कंत्राटदाराला वर्षानुवर्षं चालवायला द्यायचा बेत असेल, तर हा प्रश्न आधी विचारायला हवा.

तेव्हा तुमच्या क्लबच्या मैदानावर असलं चित्र आलं तर टाळ्या जरूर वाजवा, पण मतदानाआधी मोजमापाचा नकाशा, टेंडर आणि कराराचा मसुदा लेखी मागा. तुमचा प्रश्न इतिवृत्तात उतरला की नाही, तेही सही करण्यापूर्वी वाचून घ्या.