आयातीची बातमी आणि कृष्णाकाठचे दोन वाचक

परदेशातून येणाऱ्या अन्नाची बातमी घेणाऱ्याच्या बाजूने लिहिली जाते की पिकवणाऱ्याच्या, यावर त्या बातमीचा सूर ठरतो, आणि सातारा-सांगलीच्या मुलखात हे दोन्ही वाचक शेजारी शेजारी राहत असल्याने तेथे या सुराचा इतिहास विशेष स्पष्ट दिसतो. जुन्या सातारा जिल्ह्याचे १९४९ मध्ये उत्तर आणि दक्षिण असे दोन जिल्हे झाले आणि दक्षिण साताऱ्याला १९६० मध्ये सांगली हे नाव मिळाले. परंतु पिकांच्या दृष्टीने खरी विभागणी पश्चिम आणि पूर्व अशीच राहिली. कराड, वाळवा, मिरज या कृष्णाकाठच्या तालुक्यांत ऊस आणि सहकारी साखर कारखाने वाढले, तर माण, खटाव, आटपाडी, जत हे तालुके पर्जन्यछायेत, म्हणजे सह्याद्रीने पाऊस अडवल्यामुळे कोरड्या राहणाऱ्या पट्ट्यात, रब्बीच्या शाळूवर, म्हणजे ज्वारीवर, जगत आले.

अन्नआयातीचा पहिला मोठा वाद पीएल-४८० या नावाने ओळखला जातो. अतिरिक्त धान्य खरेदीदार देशाच्या चलनात विकण्याची मुभा देणारा हा १९५४ चा अमेरिकी कायदा असून त्याखालील पहिला करार भारताने ऑगस्ट १९५६ मध्ये केला. १९६५ च्या युद्धानंतर आणि लागोपाठच्या दोन अवर्षणांत अमेरिकेने गव्हाचा पुरवठा हात आखडून सुरू ठेवला, तेव्हा बंदरात लागणारे जहाज हाच बातमीचा विषय झाला आणि आयात हा राष्ट्राच्या स्वाभिमानाचा प्रश्न बनला. लालबहादूर शास्त्रींचे सोमवार संध्याकाळचे उपवासाचे आवाहन आणि दोन वर्षांत महाराष्ट्र अन्नधान्यात स्वयंपूर्ण न झाल्यास मला फाशी द्या, ही मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांची शनिवारवाड्यावरील जाहीर भाषा या दोन्ही गोष्टी त्याच सुरात बसणाऱ्या होत्या. या मांडणीने संकरित बियाण्यांच्या प्रसाराला बळ दिले, हे तिचे श्रेय नाकारता येत नाही. मात्र पाणी नसलेल्या शेतकऱ्याने स्वयंपूर्ण कसे व्हावे, हा प्रश्न तिच्या कक्षेत आला नाही.

तो प्रश्न १९७२ च्या दुष्काळाने पुढे आणला. रेशनच्या दुकानांतून मिळणारा मिलो, म्हणजे अमेरिकेत प्रामुख्याने जनावरांच्या खाद्यासाठी पिकवली जाणारी लालसर दाण्याची ज्वारी, शाळूच्या पांढऱ्या, मऊ भाकरीची सवय असलेल्या घरांत आला आणि निकृष्ट धान्य म्हणूनच लोकांच्या आठवणीत राहिला. त्याच वर्षी मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर आदींच्या नेतृत्वाखाली महागाईविरोधात स्त्रियांचे लाटणे मोर्चे निघाले. शहरातील रिकामे डबे छायाचित्रात टिपता येत होते आणि त्यांना वृत्तपत्रांत जागा मिळणे रास्तच होते. परंतु माण किंवा जतच्या मजुरापुढे मिलो चांगला की वाईट यापेक्षा तो विकत घेण्याइतकी मजुरी पदरात पडेल का, हाच प्रश्न मोठा होता. खडी फोडण्याच्या, पाझर तलावांच्या आणि नालाबांधाच्या कामांवर मे १९७३ मध्ये राज्यभर सुमारे ५० लाख माणसे होती. तासगाव तालुक्यातील विसापूर येथे वि. स. पागे यांनी १९६५ मध्ये ज्या रोजगार योजनेचा प्रयोग केला, तिचे मोल या काळात उमगले आणि पुढे १९७७ च्या कायद्याने रोजगार हमीला हक्काचे रूप आले. दुष्काळात आयात धान्याला पूरक ठरले ते हेच काम. तरीही धान्य आणि मजुरी या गोष्टी सार्वजनिक चर्चेत बहुधा वेगवेगळ्याच राहिल्या.

१९८० नंतर शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने आयातीचा अर्थच पालटला: परदेशी माल म्हणजे देशी भाव पाडण्याचे सरकारचे हत्यार, असा युक्तिवाद ऊस, कांदा आणि गहू उत्पादकांपर्यंत पोहोचला. तरीही १९९४ मध्ये साखरेचे देशी उत्पादन घटले, शुल्कमुक्त आयातीचा निर्णय उशिरा झाला आणि दर भडकले, तेव्हा हे प्रकरण मुख्यतः साखर घोटाळा म्हणून गाजले. अन्नमंत्री कल्पनाथ राय यांना वर्षअखेर पद सोडावे लागले. ही भ्रष्टाचाराची आणि ग्राहकाची बातमी होती. त्या तेजीतला किती वाटा ऊस उत्पादकाला मिळाला, ही दुसरी बाजू तिच्यात झाकोळली गेली. केवळ शेतीला वाहिलेले ‘अ‍ॅग्रोवन’ हे मराठी दैनिक २००५ मध्ये सुरू झाल्यावर उत्पादकाच्या बाजूची बातमी रोजच्या रोज मिळू लागली, आणि हा बदल मराठी पत्रकारितेतील फार मोलाचा मानला पाहिजे.

मे २०१८ मधील पाकिस्तानी साखरेचा वाद मात्र जुन्या स्वाभिमानाच्या सुरात परतला. गोदामांवर आंदोलने झाली, मथळ्यांत शत्रुराष्ट्राचे नाव आले. प्रत्यक्षात आयात शुल्क फेब्रुवारीतच १०० टक्के झालेले होते आणि तेथून आलेली साखर देशातील ३ कोटी टनांहून अधिक उत्पादनापुढे नगण्य होती. कृष्णाकाठच्या शेतकऱ्याची एफआरपी, म्हणजे केंद्राने कारखान्यांना बंधनकारक केलेला उसाचा किमान दर, थकली होती ती देशातल्याच अतिरिक्त साखरेमुळे. त्या थकबाकीवर थेट उपाय म्हणून केंद्राने जून २०१८ मध्ये साखरेचा किमान विक्रीदर किलोला २९ रुपये ठरवला, आणि त्या निर्णयाचा पाकिस्तानशी काहीही संबंध नव्हता.